फ्यूज खोटं बोलत नाही

दिल्लीच्या करोल बागेत नाईवाला नावाची वस्ती आहे. तिथे गाड्यांच्या सामानाची दुकानं ओळीनं लागलेली आहेत. बाहेर सीट कव्हरं आणि मडफ्लॅप टांगलेले, काउंटरवर अँड्रॉइड स्क्रीन झगमगत असलेल्या, आणि मागच्या कपाटात ॲम्प्लिफायरचे खोके. प्रत्येक खोक्यावर ठसठशीत आकडा: २२०० वॉट, ३००० वॉट, ४००० वॉट. आकडा वाढला म्हणून किंमत वाढतेच असं नाही. कित्येकदा सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात स्वस्त खोक्यावर असतो, आणि तिथेच गिऱ्हाइकाला शंका यायला हवी.

४००० वॉट म्हणजे घरातले दोन गिझर एकदम चालू केल्यावर लागते तेवढी वीज. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तो दाब साधारण १४.४ व्होल्टपर्यंत नेतो. या दाबाला ४००० वॉट काढायचे तर आतली गळती शून्य धरली तरी पावणेतीनशे अँपिअरच्या वर प्रवाह हवा. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर एसी, दिवे, पंखा, वायपर सगळ्यांना मिळून देतो तो सत्तर ते शंभर अँपिअरच्या आसपास. उरलेले वॉट फक्त खोक्यावरच राहतात.

आता तोच ॲम्प खोक्यातून काढून त्याची तारा जोडायची बाजू पाहा. तिथे प्लॅस्टिकचा छोटा रंगीत फ्यूज खोचलेला असतो. निळा असेल तर १५ अँपिअर, पिवळा २०, हिरवा ३०. समजा एकच हिरवा आहे. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॉट. ही ॲम्पमध्ये शिरणारी वीज झाली. जुन्या धाटणीचा एबी वर्गाचा ॲम्प असेल तर तिच्यातली निम्मी किंवा थोडी जास्त आवाजात जाते, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे चारही चॅनेल मिळून अडीचशे वॉटच्या आत, एका स्पीकरला साठ. फ्यूज क्षणभराचा जादा प्रवाह सोसतो, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. पण साठ आणि हजार यांतला फरक कळायला काटेकोर हिशेब लागत नाही. आपला ॲम्प जळू नये म्हणून बनवणाऱ्यालाच फ्यूजचा आकडा खरा ठेवावा लागतो. खोक्यावरच्या आकड्याला अशी सक्ती नाही.

ही लबाडी नवी नाही. ज्यांचं तरुणपण टू-इन-वनच्या काळात गेलं त्यांना ‘पीएमपीओ’ ही चार अक्षरं आठवत असतील. हातात उचलून नेता येईल एवढ्या डब्यावर हजार वॉट छापलेले असायचे. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे कुणाचाच आकडा खोटा पाडता येत नव्हता. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरवर सलग मिळणारी खरी शक्ती सांगणं बंधनकारक केलं, पण गाडीतले ॲम्प त्या नियमाबाहेर राहिले. त्यांच्यासाठी २००३ मध्ये तिथल्या उद्योगसंघटनेनं सीईए-२००६ नावाची ऐच्छिक पद्धत आणली: १४.४ व्होल्ट, ४ ओहमचा स्पीकर आणि एक टक्क्यापेक्षा जास्त विकृती नाही, अशा अटींत मोजलेले वॉट. तो शिक्का खोक्यावर असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नसेल तर बारीक अक्षरात ‘आरएमएस’, म्हणजे सलग मिळणाऱ्या शक्तीचा आकडा, शोधावा, आणि तेही नसेल तर खोका परत कपाटात जाऊ द्यावा.

आता उलट बाजूनं पाहू. गाडीत जो स्टिरिओ आधीपासून बसवलेला असतो, त्यावरही आकडा असतो. बहुतेक वेळा ‘५० वॉट × ४’. हा आकडा कुठून येतो ते एकदा समजून घेण्यासारखं आहे, कारण बाहेरचा ॲम्प हवा की नको याचं उत्तर त्यातच आहे.

स्टिरिओच्या आत चार चॅनेलची एक चिप असते. तिच्याकडे वीज येते ती थेट गाडीच्या १४.४ व्होल्टची. स्पीकरच्या दोन टोकांमध्ये ती जास्तीत जास्त तेवढाच दाब टाकू शकते. १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम म्हणजे जवळजवळ ५२. हेच ते छापलेले पन्नास! पण हे पन्नास मिळतात ते चिप पूर्ण ताणून, सुरांच्या गोल लाटेची चौकोनी वीट झाल्यावर. त्या अवस्थेत लताबाई आणि मिक्सर यांत फारसा फरक राहत नाही. लाट गोल ठेवायची तर गणितानं २६ वॉट मिळतात, आणि चिपची स्वतःची गळती वजा जाता हाती येतात अठरा-वीस. स्टिरिओ दोन हजारांचा असो की वीस हजारांचा, आत दाब वाढवायची सोय नसेल तर बारा व्होल्टच्या गाडीत या भिंतीपलीकडे जाता येत नाही.

मग वीस वॉट कमी आहेत का? रोजच्या ऐकण्यासाठी, सरासरी पाहिली तर अजिबात नाही. साधा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८८ ते ९० डेसिबल आवाज देतो. गाडीच्या बंद डब्यात, हातभर अंतरावर, एक वॉट म्हणजे चांगलाच मोठा आवाज. गुडगाव-दिल्ली रस्त्यावर तुम्ही बातम्या किंवा गाणी ऐकत असता तेव्हा स्पीकरला सरासरी एक वॉटसुद्धा जात नसेल. चार हजारांची बात सोडाच.

अडचण सरासरीची नाही, शिखराची आहे. गाण्यात आवाज सपाट नसतो. तंबोरा आणि गायकी एका पातळीवर चाललेली असते आणि मधेच तबल्याची थाप त्याच्या कितीतरी वर उसळते. चांगल्या ध्वनिमुद्रणात अशी शिखरं सरासरीपेक्षा बारा-पंधरा डेसिबल वर असतात, आणि दर दहा डेसिबलना दसपट शक्ती लागते. म्हणजे अर्ध्या वॉटच्या ऐकण्याला क्षणभर पंधरा वॉट हवेत. वीस वॉटचा स्टिरिओ इथवर कसाबसा पोचतो. मग आपण रस्त्याचा घरघराट झाकायला बेसचं बटण वर सरकवतो. सत्तर-ऐंशीच्या वेगाला लहान गाडीत टायर आणि वारा मिळून सत्तर डेसिबलच्या आसपास आवाज करतात, आणि त्यातला बराचसा खर्जातला असतो. डग्ग्याचा घुमारा आणि बेस गिटार त्यात बुडून जातात. म्हणून बेस वाढवायचा मोह होतो. बटण दहा डेसिबलनं वर नेलं की खर्जासाठी दसपट शक्ती लागते. पंधराचे दीडशे झाले. स्टिरिओकडे आहेत वीस. शिखरं कापली जातात, थाप फाटते, स-श-च कानाला टोचायला लागतात आणि आपण म्हणतो, स्पीकर खराब आहे.

छोट्या ॲम्पचं काम इथे आहे. त्यामुळे आवाज फार मोठा होत नाही, हे दुकानात कुणी सांगत नाही. वीसचे पंचेचाळीस वॉट झाले तर फरक पडतो साडेतीन डेसिबलचा, म्हणजे आवाजाचं बटण एखाद-दोन घरं सरकवण्याइतका. मोठ्या आवाजासाठी जो पैसे मोजेल तो निराश होईल. मिळते ती ऐसपैस जागा: थाप अखंड येते, निवेदकाचा आवाज घोगरा होत नाही, आणि तासाभरानंतर डोकं जड होत नाही.

पंचेचाळीस हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. कमी जागेत बसणाऱ्या नामांकित चार-चॅनेल ॲम्पमध्ये तोच वारंवार दिसतो. पायोनियरचा जीएम-डी१००४ सीईए पद्धतीनं ४ × ४५ वॉटचा. अल्पाइनच्या केटीपी-४४५यू या ‘पॉवर पॅक’चाही आकडा तोच. पायोनियरच्या खोक्यावर ‘कमाल ४०० वॉट’ असंही लिहिलेलं असतं, म्हणजे मोहातून नामांकितही सुटलेले नाहीत. पण खरा आकडा शेजारीच छापलेला असतो. चार ओहमला पंचेचाळीस वॉट द्यायचे तर एकोणीस व्होल्टचं शिखर लागतं. गाडीत तेवढा दाब नसतो, म्हणून या ॲम्पच्या पोटात आधी व्होल्टेज चढवणारं एक यंत्र असतं. स्टिरिओपासून वेगळ्या ॲम्पला पैसे द्यायचे ते मुळात या यंत्रासाठी.

आणि एवढं सगळं साधारण वीतभर लांबीच्या डबीत बसतं, ते डी वर्गामुळे. जिम फॉसगेट यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात गाडीसाठी वेगळा ॲम्प बनवला. तिथून पुढे कितीतरी वर्षं ॲम्प म्हणजे ॲल्युमिनियमच्या पंखांचा जड ठोकळा, कारण अर्धी वीज उष्णतेत जायची आणि ती बाहेर टाकायला धातू लागायचा. डी वर्गाच्या ॲम्पमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू-पूर्ण बंद होत राहतो. अर्धवट उघडा राहत नाही, त्यामुळे तापत कमी, आणि ८५ टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते. १८० वॉटसाठी २१० च्या आसपास वॉट आत घ्यावे लागतात, १४.४ नं भागा, पंधरा अँपिअर येतात. निळा फ्यूज. हिशेब जुळला.

हे तंत्र दिल्लीत सगळ्यात स्वस्त कुठे मिळतं हे पाहायचं तर करोल बाग सोडून लाल किल्ल्यासमोर, लजपत राय मार्केटमध्ये जायला हवं. फाळणीनंतर निर्वासितांना दिलेल्या टपऱ्यांमधून हा बाजार उभा राहिला. आज तिथल्या अरुंद बोळांत ॲम्पचे उघडे बोर्ड, कॉइल, ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे स्पीकर किलोच्या भावात घेतल्यासारखे घेतले जातात. नखाएवढ्या टीपीए३११६ चिपचा चिनी बोर्ड इथे काहीशे रुपयांत मिळतो. चिप टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या घराण्यातली आणि चांगली आहे. तिचे ‘५० वॉट × २’ मात्र वीस-चोवीस व्होल्टवरचे. गाडीच्या बारा-चौदा व्होल्टवर ती जवळजवळ स्टिरिओएवढंच देते, कारण भिंत तीच. ज्याला सोल्डरिंग येतं त्यानं घरी टीव्हीसाठी हा बोर्ड खुशाल वापरावा. गाडीत त्याला ना डबा, ना संरक्षण. मी तरी लावणार नाही.

राजधानी परिसर आणि गाडीतलं गाणं यांचा संबंध जुना आहे. गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली ती १४ डिसेंबर १९८३ ला. त्याच वर्षी गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स कंपनी उभी केली. तिचा कारखाना पुढे नोएडात गेला आणि टी-सिरीजची स्वस्त कॅसेट घराघरात पोचली. स्वस्त गाडी आणि स्वस्त कॅसेट एकाच शहराच्या दोन कडांवर वाढल्या. मधली जागा भरून काढली करोल बाग आणि काश्मिरी गेटच्या मिस्त्र्यांनी. मारुतीत कारखान्यातून स्टिरिओ येत नसे. तो बाजारातून घ्यायचा, मागच्या काचेखालच्या फळीला भोकं पाडून दोन लंबगोल स्पीकर बसवायचे आणि गाडी ‘भरली’ असं समजायचं.

आज गोष्ट उलटी झाली आहे. गाडीबरोबरच स्क्रीन येते, आणि वॉटची शर्यत बाजारातून थेट गाडीच्या माहितीपत्रकात शिरली आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे १२ स्पीकर आणि ४४५ वॉट. २०२४ च्या बीई ६ मध्ये हर्मन कार्डनचे १६ स्पीकर आणि १४०० वॉट. हे वरच्या श्रेणीत. खालच्या श्रेणीची गाडी घेणाऱ्याला दोन किंवा चार कागदी कोनचे हलके स्पीकर मिळतात, आणि ट्विटरच्या जागी नुसती जाळी. नाईवाल्याचं गिऱ्हाईक हाच माणूस आहे. द्वारका ते मानेसर किंवा इंदिरापुरम ते नोएडा रोज दीड-दोन तास गाडीत बसणारा, हप्ते भरणारा.

त्यात मराठी माणूसही आहे. करोल बागेत सोन्या-चांदीची गलाई करणारी खानापूर-आटपाडीकडची कुटुंबं पिढ्यांपासून आहेत. त्यांच्यातले काही दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला गाडीनंच सांगली गाठतात. दीड हजार किलोमीटरच्या पुढचा रस्ता. त्या प्रवासात आवाज किती मोठा होतो याला काही किंमत नाही. तो दहाव्या तासालाही सोसवतो का, हाच प्रश्न. शिवाय आपल्याकडे ऐकलं जातं ते पुष्कळदा जुनं: पन्नास-साठच्या दशकातली नाट्यगीतं, भावगीतं, अभंग. ती मुद्रणं मोनो, त्यांत अगदी खालच्या खर्जात काही टिपलेलंच नाही. डिकीत बारा इंची वूफर टाकून त्यातून काही निघत नाही. निघाली तर ध्वनिफितीची घरघर निघते. अशा ऐकणाऱ्याला मधला पट्टा स्वच्छ हवा, म्हणजे दारातले दोन चांगले स्पीकर आणि त्यांना पुरेशी, न फाटणारी शक्ती.

म्हणून पैसे कोणत्या क्रमानं खर्चावेत याबद्दल माझं मत दुकानदाराच्या मताच्या उलटं आहे. दुकानात सुरुवात बेसट्यूबपासून होते, कारण तिचा परिणाम दोन मिनिटांत दाखवता येतो. सुरुवात पुढच्या दारांपासून करावी. साधारण पाच-सात हजारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट जोडी मिळते, ट्विटर वेगळे असलेली. ती बसवतानाच दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावून घ्यावं आणि मोठी भोकं बंद करून घ्यावीत. दार खुळखुळायचं थांबलं की खर्ज आपोआप भरतो, आणि यात एकही जादा वॉट लागत नाही. मिस्त्री याला कंटाळतो, कारण वेळ जातो. त्याचे वेगळे पैसे द्यावेत आणि समोर उभं राहून करून घ्यावं. मागच्या दारांना हात लावायची गरज नाही. मागे बसणाऱ्यांना गाणं ऐकू येतं, त्यांची तक्रार एसीची असते.

त्यानंतर ॲम्प. नामांकित छोटा चार-चॅनेल ॲम्प साधारण दहा ते पंधरा हजारांत पडतो. अनोळखी छापाचा तीन-चार हजारांत मिळतो आणि फ्यूज पाहून त्यातलाही एखादा बरा निघू शकतो, पण शांत गाण्यात मागे सूं-सूं ऐकू येते का ते तपासल्याशिवाय घेऊ नये. ॲम्पला ‘हाय लेव्हल इनपुट’ हवा, म्हणजे कारखान्याची स्क्रीन न काढता तिच्याच स्पीकरच्या तारा आत देता येतात. आणि एक छोटा खटका हवा: हाय पास, ८० हर्ट्झ. तो लावला की त्याखालचा खर्ज दारांच्या स्पीकरकडे जातच नाही. मघाचा दसपट शक्तीचा हिशेब आठवा. ज्या पट्ट्यात सगळी वीज खर्च होते तोच पट्टा काढून टाकला की पंचेचाळीस वॉट ऐसपैस पुरतात. खर्ज हवाच असेल तर पुढच्या पगाराला सीटखाली बसणारा, स्वतःचा ॲम्प पोटात असलेला चपटा वूफर घ्यावा. डिकी रिकामी राहते, सिलिंडर आणि सुटकेस जातात.

‘गेन’च्या बटणाबद्दल एक गैरसमज दिल्लीपासून कोल्हापूरपर्यंत सारखाच आहे. ते आवाजाचं बटण नाही. स्टिरिओतून येणारा सिग्नल आणि ॲम्पची क्षमता यांची सांगड घालायची ती कळ आहे. स्टिरिओचा आवाज पाऊण पट्टीवर न्यावा, गेन शून्यापासून हळूहळू वाढवावा, गाणं किंचित फाटायला लागलं की थोडं मागं यावं. मिस्त्री सवयीनं ते पूर्ण फिरवतो, कारण गिऱ्हाईक पहिल्या मिनिटाला दणका ऐकून खूश होतं. सहा महिन्यांनी ट्विटर जळतो तेव्हा दोघंही कंपनीला नावं ठेवतात.

आता तारा. या सगळ्या उद्योगात खरा धोका कुठे असेल तर इथे. बाजारात मिळणाऱ्या ‘ॲम्प किट’मधली जाडजूड लाल तार बहुधा तांब्याची नसते, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ती वीज वाहते तांब्याच्या दोन-तृतीयांशाहून कमी, आणि जाडी तर रबराचीच असते. टोक सोलून ब्लेडनं एक धागा खरवडावा. आतून चांदीसारखा पांढरा निघाला तर ॲल्युमिनियम. पंधरा-वीस अँपिअरच्या छोट्या ॲम्पला खऱ्या तांब्याची माफक जाडीची तार पुरते, हा छोट्या ॲम्पचा आणखी एक फायदा. तार बॅटरीपासून थेट आणावी आणि बॅटरीजवळच, हातभराच्या आत, तिच्यावर वेगळा फ्यूज असावा. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पला वाचवतो, बॅटरीजवळचा गाडीला. बोनेटच्या पत्र्याला घासून तारेचं रबर फाटलं आणि मधे फ्यूज नसेल तर बॅटरी आपली सगळी शक्ती त्या एका बिंदूवर ओतते. गाडीला आग लागायला तेवढं पुरे. तार इंजिनखान्यातून आत येते त्या भोकाला रबरी बूच आहे का, हे डोळ्यांनी पाहावं. अर्थिंगची तार चेसिसच्या रंग खरवडलेल्या पत्र्याला घट्ट आवळावी. ढिली राहिली तर ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी बारीक शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते आणि मग ‘फिल्टर’ नावाची आणखी एक वस्तू गळ्यात मारली जाते.

कारखान्याच्या तारा कापायच्या नाहीत, हा नियम पाळायचा तर बाजारात गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार कपलर मिळतात. जोडायचे आणि विकताना काढून घ्यायचे. तार कापलेली दिसली की अधिकृत सेवाकेंद्र विजेच्या कुठल्याही बिघाडाची वॉरंटी नाकारायला मोकळं होतं. विम्याचंही सांगून ठेवतो. बाहेरून बसवलेल्या विजेच्या वस्तू पॉलिसीत नोंदवता येतात. मोटर विम्याच्या जुन्या दरपत्रकातलं आयएमटी २४ हे कलम त्यासाठीच आहे आणि त्यात हप्ता वस्तूच्या किमतीच्या चार टक्के धरला आहे. पंधरा हजारांच्या ॲम्पला सहाशे रुपये. फार थोडे लोक नोंदवतात. इलेक्ट्रिक गाडी असेल तर एवढंच: ॲम्पची वीज फक्त बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीतूनच घ्यायची, आणि उच्च दाबाच्या नारिंगी तारांना गल्लीतल्या मिस्त्रीनं हात लावायचा नाही.

ॲम्प बसवायचा कुठे, याचं उत्तर दिल्लीत आणि पुण्यात वेगळं आहे. दिल्लीचा उन्हाळा पंचेचाळीसपर्यंत जातो. उन्हात बंद उभी गाडी आतून साठच्या पुढे तापते, आणि डॅशबोर्ड सर्वात जास्त. डिकीत किंवा सीटखाली त्यामानानं थंड. पण सीटखालची जागा पाण्याची. २८ जून २०२४ ला दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत चोवीस तासांत २२८ मिलिमीटर पाऊस झाला; आदल्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, यमुनेनं २०८.६६ मीटरची पातळी गाठली होती. पाणी साचलं म्हणून मिंटो पूल तर वारंवार बातमीत असतो. गाडीच्या फरशीवर चार बोटं पाणी आलं की पहिला बळी सीटखालच्या ॲम्पचा. ग्लव्ह बॉक्सच्या मागं, फरशीपासून उंच, हवा खेळेल अशी जागा मिळाली तर उत्तम, आणि वीतभराचा डी वर्गाचा ॲम्पच तिथे मावतो. मोठ्या ठोकळ्याला हा पर्याय नाही.

या प्रदेशात गाडीचं आयुष्यही वेगळ्या घड्याळावर चालतं. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी राजधानी परिसरात नको, हा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कायम केला, आणि त्यानंतर अंमलबजावणीनं बरीच वळणं घेतली. त्यामुळे इथला शहाणा माणूस गाडी विकण्याआधी ॲम्प आणि स्पीकर काढून घेतो. चांगला छोटा ॲम्प दोन गाड्या सहज पाहतो. जुने नामांकित ॲम्प करोल बागेत निम्म्या किमतीत फिरत असतात. पाण्यात भिजलेला ओळखायचा तर टर्मिनलच्या स्क्रूंवरचा गंज पाहावा.

शेवटी कानांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास चालतो. ९० डेसिबलला फक्त चार. दिल्लीचा नोकरदार आठवड्याला दहा तास तर गाडीतच बसतो. रस्त्यावरच्यांचाही विचार आहेच: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री सोसायटीच्या फाटकातून धडधडत शिरणाऱ्या बेसट्यूबवाल्याला ती माहीत नसते आणि पहारेकरी त्याला सांगत नाही. आपल्याकडे गणपतीत ‘डॉल्बी’च्या भिंतींवरून जे भांडण चालतं, त्याचीच ही चाकांवरची आवृत्ती आहे.

तर नाईवाल्यात जायचं ठरलं तर स्वतःचं गाणं घेऊन जा, ज्यातली प्रत्येक जागा तुम्हाला पाठ आहे असं. दुकानातलं डेमोचं गाणं बेससाठीच निवडलेलं असतं. बेस आणि ट्रेबल दोन्ही मधोमध आणायला सांगा, इंजिन चालू ठेवून ऐका, मग गाणं थांबवून नुसती शांतता ऐका. खोका हातात घ्याल तेव्हा आकडा वाचू नका. ॲम्प बाहेर काढायला लावा, फ्यूज पाहा आणि १४.४ नं गुणा. पक्कं बिल मागा, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. आणि सोमवारी जाऊ नका, करोल बाग बंद असते.